खर्ज कापा, बास ऐकू येईल

मोबाइलवर राहुलदेव बर्मन यांचं एखादं गाणं लावा आणि फोन टेबलावर ठेवून द्या. गाण्याच्या तळाशी चालणारी बास गिटार नीट ऐकू येते, तिची चाल गुणगुणताही येते. आता गंमत अशी की, बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, म्हणजे तिचा सूर ४१ हर्ट्झचा. आणि मोबाइलचा नखाएवढा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. मग फोनमधून जो सूर बाहेरच पडला नाही, तो आपण ऐकला कसा?

याच्या नेमका उलटा अनुभव मिरवणुकीत येतो. स्पीकरची भिंत समोरून जाते, छाती धडधडते, खिडक्यांची तावदानं थरथरतात. पण बासवर कोणती चाल वाजली, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. एका ठिकाणी खर्ज नाही पण सूर आहे. दुसरीकडे खर्जच खर्ज आहे आणि सूर हरवला आहे.

व्हॉल्व्हचा बास अ‍ॅम्प्लिफायर उघडून त्याचा आवाज सुधारायला बसणाऱ्याने हातात सोल्डरिंग आयर्न घेण्याआधी हे कोडं सोडवलेलं बरं. बहुतेक जण तक्रार घेऊन येतात ती ‘बास कमी पडतो’ अशी. आणि बहुतेक वेळा दुखणं असतं खर्ज जास्त झाल्याचं.

## पाण्याखालच्या पायऱ्या

तार छेडली की ती नुसती अखंड हलत नाही. अर्ध्या-अर्ध्या भागांत, तिसऱ्या भागांत, चौथ्या भागांतही त्याच वेळी हलते. म्हणून ४१ हर्ट्झच्या मूळ सुराबरोबर ८२, १२३, १६५ अशा वरच्या सुरांची माळ निघते. यांना उपस्वर म्हणू. नदीच्या घाटावर खालच्या पायऱ्या पाण्याखाली असल्या तरी वरच्या पायऱ्यांमधलं अंतर पाहून पाण्यातली पायरी कुठे असेल, हे पायाला कळतं. मेंदूही तेच करतो. उपस्वरांमधलं अंतर प्रत्येक वेळी ४१ आहे, तेव्हा मूळ सूर ४१चाच, असा हिशेब तो न सांगता करतो.

त्यात आपला कान खर्जाच्या बाबतीत मुळातच मंद. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये हे मोजून दाखवलं. हलक्या आवाजात चाळीसेक हर्ट्झचा सूर हजार हर्ट्झच्या सुराइतका मोठा वाटायला हवा असेल, तर त्याला हजारो पटींनी अधिक ऊर्जा द्यावी लागते. म्हणजे अगदी तळचा खर्ज हा खर्चीक पाहुणा आहे. तो अ‍ॅम्पची सगळी ताकद खातो, कानाला मात्र थोडंच देतो. सुराची ओळख पटते ती साधारण ८० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात.

## जाळी आणि कालव्याची फळी

आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की आधी अर्धा मिनिट शांतता, मग आत नारिंगी उजेड आणि त्यानंतर निवेदकाचा आवाज. त्या अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्हच्या आतली कॅथोड नावाची नळी तापत असे. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि भोवतीच्या धन भाराच्या पत्र्याकडे, म्हणजे प्लेटकडे धावतात. मध्ये एक बारीक तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. जाळीवर ऋण दाब असेल तर इलेक्ट्रॉन अडतात, दाब कमी झाला की सुटतात. कालव्याच्या तोंडाशी लाकडी फळी असते ना, तसंच हे. फळी बोटभर वर-खाली केली की पाण्याचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो. गिटारमधून येणारा इवलासा विद्युतदाब ही फळी हलवतो आणि प्लेटवर त्याचीच पन्नास-साठ पट मोठी नक्कल उमटते.

नक्कल हुबेहूब नसते, हीच व्हॉल्व्हची खासियत. सूर लहान असेल तोवर फळी सरळ चालते. सूर मोठा झाला की लाटेचा एक माथा थोडा दबतो, दुसरा तसाच राहतो. लाटेचा आकार असा बदलला की मुळात नसलेले उपस्वर तयार होतात. आधीच्या पायऱ्यांच्या भाषेत बोलायचं तर व्हॉल्व्ह घाटाला वरच्या अंगाने आणखी पायऱ्या बांधून देतो. व्हॉल्व्हवरचा बास ‘भरदार’ वाटतो, यामागे जादू नाही. खर्ज वाढलेलाच नसतो, खर्जाची खूण सांगणारे सूर वाढलेले असतात.

## बाससाठी बनला, गिटारवाल्यांनी पळवला

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५१मध्ये प्रिसिजन बास ही विजेवरची बास गिटार बाजारात आणली. तिच्यासाठी पुढच्याच वर्षी ‘बासमन’ हा अ‍ॅम्प निघाला. सुरुवातीला त्यात १५ इंची एकच स्पीकर होता. काही वर्षांत दहा इंची चार आले. १९५०च्या दशकाच्या अखेरीचा ५एफ६-ए नावाचा बासमन आज दंतकथा झाला आहे. पण गिटारवाल्यांमध्ये. पाठीमागून उघडी पेटी आणि चाळीस-पंचेचाळीस वॉटची ताकद, एवढ्यावर बासला तो जरा तोकडाच पडे. गिटार जोडली की मात्र खुले.

लंडनच्या हॅनवेल भागात ड्रम शिकवणारे जिम मार्शल वाद्यांचं दुकान चालवत. अमेरिकन अ‍ॅम्प इंग्लंडमध्ये महाग पडत. १९६२मध्ये मार्शल, त्यांचे दुरुस्तीतज्ज्ञ केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन हा तरुण यांनी बासमनचंच सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचलून इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या सुट्या भागांनी स्वतःचा अ‍ॅम्प बांधला. तोच जेटीएम४५. पहिल्या टप्प्यात १२एवाय७ऐवजी ईसीसी८३ हा दुपटीहून अधिक वर्धनाचा व्हॉल्व्ह आला. दहा इंची चार स्पीकरच्या जागी बारा इंची चार आले आणि उघड्या पेटीऐवजी बंद पेटी. आराखडा तोच, पण आवाज वेगळा.

पुढे मार्शलने शंभर वॉटचे दोन अ‍ॅम्प काढले. १९५९ क्रमांकाचा सुपर लीड गिटारसाठी, १९९२ क्रमांकाचा सुपर बास बाससाठी. (हे मॉडेलचे क्रमांक आहेत, साल नव्हे. भल्याभल्यांचा इथे गोंधळ होतो.) झाकण काढून दोन्ही शेजारी ठेवले तर आतला मोठा ऐवज सारखाच. ट्रान्सफॉर्मर सारखे, व्हॉल्व्ह सारखे. फरक आहे तो मूठभर कंडेन्सर आणि रेझिस्टरचा. अ‍ॅम्पचा स्वभाव कुठे लपलेला असतो, हे शिकायला याहून चांगली जोडी मला तरी माहीत नाही.

## कंडेन्सर नावाचा द्वारपाल

एका व्हॉल्व्हच्या प्लेटवर शेकडो व्होल्टचा स्थिर दाब असतो. पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर तो गेला तर सगळं बिघडेल. जायला हवा फक्त हलणारा सूर. म्हणून दोघांच्या मध्ये कंडेन्सर बसवतात. पुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणतात, पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेताना कंडेन्सरच मागावा.

पाण्याच्या नळीत मधोमध फुग्याचं रबर ताणून बसवलंय, अशी कल्पना करा. पाणी आरपार जाणार नाही. पण एका बाजूने हिसका दिला तर रबर फुगतं आणि हिसका पलीकडे पोचतो. झटपट, छोटे हिसके सहज पोचतात. सावकाश, लांबलचक रेटा दिला तर रबर ताणून ताणून थकतं आणि पुढे काही जात नाही. झटपट हिसके म्हणजे उंच सूर, सावकाश रेटा म्हणजे खर्ज. रबर मोठं आणि सैल, म्हणजे कंडेन्सरची क्षमता जास्त, तर खर्जही पलीकडे जातो. लहान आणि घट्ट असेल तर खर्ज दारातच थांबतो.

आता आकडे पाहू. सुपर बासमध्ये पहिल्या व्हॉल्व्हनंतर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि त्यापुढे दहा लाख ओहमचं व्हॉल्यूम. या जोडीची सीमारेषा, म्हणजे जिच्याखालचे सूर अडायला लागतात ती जागा, सुमारे ७ हर्ट्झवर येते. ४१चा सूर जवळजवळ अडथळ्याविना जातो. सुपर लीडच्या तेजस्वी बाजूला, म्हणजे ब्राइट चॅनेलला, तोच कंडेन्सर दहापट लहान, म्हणजे ०.००२२. सीमारेषा गेली ७२ हर्ट्झवर. बासच्या मोकळ्या तारा आहेत ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. म्हणजे खालच्या दोन तारांचे मूळ सूर या दारात निम्मे-अधिक अडले. गिटारची सर्वांत जाड तारच ८२ हर्ट्झची, त्यामुळे तिचं फारसं बिघडत नाही.

म्हणून बासला मोठा कंडेन्सर लावावा, हे बरोबर. पण किती मोठा? इथेच उत्साही माणूस फसतो. ०.०२२ काढून ०.१ लावतो, सीमारेषा दीड हर्ट्झवर नेतो आणि खूश होतो. दीड हर्ट्झ हा सूर नाही. तो तारेवर बोट आपटल्याचा धक्का आहे, पाय आपटल्यावर फळीला बसणारा हेलकावा आहे. तो ऐकू येत नाही, पण पुढच्या प्रत्येक टप्प्यात जागा अडवतो.

## घसा का बसतो

जोरात वाजवल्यावर बास अ‍ॅम्प घुसमटतो, सूर तुटतो आणि क्षणभराने परत येतो, ही तक्रार नेहमीची. तिचं मूळ बहुधा शेवटच्या, ताकदीच्या व्हॉल्व्हच्या दारात सापडतं. ५एफ६-एमध्ये तिथे ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर आणि २२० हजार ओहमचे रेझिस्टर आहेत.

सूर फार मोठा झाला की जाळी ऋण बाजू ओलांडून धन बाजूला जाते. मग इलेक्ट्रॉन प्लेटकडे जायचे सोडून जाळीवरच येऊन बसतात आणि कंडेन्सर भरतो. सूर ओसरला तरी हा साठा लगेच जात नाही. रेझिस्टरमधून हळूहळू झिरपतो. तोवर जाळीवर नको इतका ऋण दाब राहतो आणि व्हॉल्व्ह बंद पडल्यासारखा होतो. झिरपायला किती वेळ? ०.१ मायक्रोफॅरड गुणिले २२० हजार ओहम म्हणजे २२ मिलिसेकंद. आणि ४१ हर्ट्झच्या सुराचं एक कंपन केवढं? सुमारे २४ मिलिसेकंद. पहिल्या गर्दीने दार मोकळं करायच्या आतच दुसरी गर्दी येऊन थडकते. दादर स्टेशनच्या जिन्यावर संध्याकाळी उभं राहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

इथला कंडेन्सर ०.०२२ केला की साठा पाच मिलिसेकंदांच्या आत झिरपतो. सीमारेषा येते ३३ हर्ट्झवर, म्हणजे चार तारांच्या बासचं फारसं काही हरवत नाही. पाच तारांच्या बासची ३१ हर्ट्झची तार असेल तर ०.०४७ हा मधला मार्ग. पुढच्या काळातल्या अनेक मार्शल अ‍ॅम्पमध्ये या जागी ०.०२२ बसवलेला दिसतो. खर्जाचं दार थोडं लोटलं आणि बास मोठ्याने, न अडखळता वाजायला लागला, असा हा उलटा हिशेब आहे.

सोनेरी अक्षरांच्या, हजारो रुपयांच्या कंडेन्सरने आवाज ‘उघडतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. क्षमतेचा आकडा योग्य, दाब सोसण्याची मर्यादा पुरेशी आणि गळती नाही, एवढं असलं की माझं समाधान होतं.

## लगाम कुठे ढिला करावा

व्हॉल्व्हच्या कॅथोडखाली एक रेझिस्टर असतो. प्रवाह वाढला की त्याच्यावरचा दाब वाढतो आणि तो व्हॉल्व्हला थोडं मागे ओढतो, लगामासारखा. या रेझिस्टरला समांतर कंडेन्सर जोडला की सुरापुरता लगाम ढिला होतो आणि वर्धन वाढतं. पण कुठल्या सुरापुरता, ते पुन्हा कंडेन्सरच्या आकारावर ठरतं. सुपर बासमध्ये तो शेकडो मायक्रोफॅरडचा, म्हणजे सगळ्याच सुरांना मोकळीक. सुपर लीडच्या तेजस्वी बाजूला २७०० ओहमला ०.६८ मायक्रोफॅरड. तिथे ८५ हर्ट्झच्या आसपास वाढ सुरू होते आणि अडीचशेच्या पुढे पूर्ण होते. खर्ज कापला जात नाही, तो आहे तिथेच राहतो आणि वरचे सूर पुढे येतात.

बास चिखलासारखा वाटत असेल तर मी पहिला बदल इथे करून पाहीन. २५ किंवा २५० काढून दोन-तीन मायक्रोफॅरडचा लावावा. फरक कानाला लगेच कळतो, आवडला नाही तर पाच मिनिटांत जुना परत बसवता येतो.

संपूर्ण अ‍ॅम्पलाही असाच एक लगाम असतो. स्पीकरकडे जाणाऱ्या सुरातला थोडा हिस्सा उलटा करून मागे आणतात आणि चूक तिथल्या तिथे वजा करतात. हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्याला ही युक्ती ऑगस्ट १९२७मध्ये हडसन नदी ओलांडताना फेरीबोटीवर सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच खरडली. हा उलटा हिस्सा वाढवला की स्पीकरचा पडदा ताब्यात राहतो, सूर थांबवल्यावर लगेच थांबतो. कमी केला की आवाज मोकळा, रांगडा होतो. गिटारवाले तो कमी करतात. बासवाल्याने जपून करावा, नाहीतर प्रत्येक सुराला शेपूट फुटतं.

टोनच्या बटणांबद्दलही एक गैरसमज. या अ‍ॅम्पमधली टोनची बटणं काही वाढवत नाहीत, फक्त कमी-अधिक कापतात. फेंडर पद्धतीत मधले सूर सर्वांत जास्त कापले जातात, आणि बासची चाल सांगणारे सूर नेमके तिथे. मोटरहेड या रॉक बँडचा बासवादक लेमी सुपर बासवर वाजवायचा तेव्हा बास आणि ट्रेबल खाली पाडून मधलं बटण पूर्ण चढवायचा. ऐकणाऱ्याला त्यात खर्जाची उणीव वाटली नाही.

## जिथे स्वस्त उपाय चालत नाही

घरघर. विजेचा पुरवठा गुळगुळीत करणारे मोठे कंडेन्सर वर्षानुवर्षांनी आतून वाळतात. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरघर येते १०० हर्ट्झवर. बासची सर्वांत बारीक मोकळी तार ९८ची. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात आणि वाजवणाऱ्याला वाटतं, आपलीच तार उतरली. अशा अ‍ॅम्पवर स्वराच्या सुधारणा करणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. आधी हे कंडेन्सर बदलावेत.

लोखंड. व्हॉल्व्हचा उंच दाब स्पीकरला झेपेल असा करणारा शेवटचा ट्रान्सफॉर्मर खर्जातच थकतो. त्याच दाबाचा सूर निम्म्या हर्ट्झवर आणला तर गाभ्यातलं चुंबकत्व दुप्पट होतं, आणि लोखंडाला मर्यादा असते. अँपेगने १९६९मध्ये ३०० वॉटचा, चौदा व्हॉल्व्हचा एसव्हीटी काढला. त्याचं नुसतं डोकंच चाळीस किलोच्या आसपास, त्यात मोठा वाटा लोखंडाचा. लहान अ‍ॅम्पला ही ताकद दोन कंडेन्सरने येत नाही.

पेटी. पाठ उघडी असेल तर स्पीकरच्या पुढची लाट आणि मागची लाट वळसा घालून एकमेकींना मारतात, आणि लांब लाटांना, म्हणजे खर्जाला, वळसा घालणं सोपं जातं. डग्ग्याचा तळ कापून टाकला तर काय उरेल, याचा विचार करा. बासमन हाताशी असेल तर आत हात घालण्याआधी एकदा तो बंद पेटीतल्या स्पीकरना जोडून ऐकावा. मात्र पेटीचे ओहम अ‍ॅम्पला मानवतील असेच हवेत.

चौकट : झाकण उघडण्याआधी
वीज काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये चारशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात, माणूस मारायला तेवढे पुरतात. रेझिस्टरमधून ते उतरवा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. जुन्या अ‍ॅम्पची दोन पिनांची वायर आणि विजेच्या तारेतून पत्र्याला जोडलेला कंडेन्सर काढून अर्थिंग असलेली तीन पिनांची वायर घाला. हा पहिला बदल, आवाजाचे नंतर. अमेरिकन अ‍ॅम्प ११०-१२० व्होल्टचा असतो, थेट आपल्या भिंतीत लावू नका. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प वाजवू नका, ट्रान्सफॉर्मर जळतो. हे नवं वाटत असेल तर काम जाणकाराकडून करून घ्या.

## एका वेळी एकच

बदल एका वेळी एकच करावा. ऐकताना खोलीत एकट्याने ऐकू नये, कारण एकटा बास नेहमी जास्त खर्जाचाच बरा वाटतो. ड्रम आणि गिटार सुरू झाल्यावर तोच आवाज त्यांच्याखाली गडप होतो. शक्य असेल तर दुसऱ्याला वाजवायला सांगून स्वतः दाराबाहेर जाऊन उभं राहावं. तिथून चाल कळली की त्या दिवशीचं काम झालं.

काढलेले कंडेन्सर फेकू नयेत. कागदाच्या पुडीत बांधून वर तारीख, जागा आणि आकडा लिहावा आणि पुडी पेटीच्या आतल्या कोपऱ्यात चिकटवून ठेवावी, व्हॉल्व्हच्या उष्णतेपासून लांब. हे अ‍ॅम्प माणसांपेक्षा जास्त जगतात. चाळीस वर्षांनी झाकण उघडणाऱ्याला कदाचित जुनाच आवाज हवा असेल.